शेंगा चटणीचं माहेर कोणतं?

हुरडा, वेळ अमावस्या, भोगी आणि संक्रांत: सोलापूरच्या सुगीच्या पंगतीला प्रश्नमंजूषेची जोड कशी द्यावी

शेंगा चटणी हा सोलापूरकरांच्या अभिमानाचा विषय. उखळात कुटून तेल सुटलेली, लालभडक, कडक भाकरी आणि दह्यासोबत खाल्ली जाणारी ही चटणी पुण्या-मुंबईला निघालेल्या बहुतेक सोलापूरकरांच्या पिशवीत असतेच. पंगत बसली, चटणी वाढून झाली की एक प्रश्न टाकून पाहावा. या चटणीतले शेंगदाणा आणि मिरची हे दोन मुख्य जिन्नस मूळचे कुठले? उत्तरं भराभर येतात. कुणी अक्कलकोट म्हणतं, कुणी बार्शी, कुणी मिरचीसाठी गुंटूरचं नाव घेतं.

खरं उत्तर आलं की खाणाऱ्यांचे हात थांबतात. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, आजच्या बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या सीमेलगतचा. मिरची मेक्सिकोकडची. १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला. त्यानंतर युरोपीय जहाजांची ये-जा सुरू झाली आणि ही पिकं समुद्रमार्गे आपल्याकडे आली. मिरची आणण्याचं श्रेय पोर्तुगीजांकडे जातं. म्हणजे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर (सिद्धेश्वर) सोलापुरात तलाव खोदवून घेत होते, तेव्हा गावात एकाही घरी शेंगा चटणी नव्हती.

एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास गप्पा रंगतात. पुढचा प्रश्न पाहुणेच विचारतात, ‘मग त्या काळी लोक तिखट म्हणून काय खायचे?’ उत्तर आहे मिरी, पिंपळी आणि आलं. सुगीच्या जेवणाला प्रश्नमंजूषेची जोड द्यायची ती अशा गप्पांसाठी.

पीक हाती आलं की

पीक घरात आल्यावर चार माणसांनी एकत्र जेवून कृतज्ञता व्यक्त करण्याची रीत जगभर आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. कॅनडात तोच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो. जर्मनीत ऑक्टोबरच्या सुरुवातीला चर्चमध्ये धान्य आणि फळं मांडून एर्न्टेडांक साजरा होतो. कोरियात आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला चुसॉक असतो. गोव्यात ऑगस्टमध्ये भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, ते कोणसांचं फेस्त. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनाही थँक्सगिव्हिंगची जोडून आलेली सुट्टी सोयीची पडते. वेगवेगळ्या शहरांतले मित्र एका घरी जमतात आणि जेवणं आटोपली की मुलांसाठी प्रश्नांचा खेळ रंगतो.

सोलापूरला हा खेळ उसना घ्यायची गरज नाही, कारण त्याला लागणारा हंगाम इथे दीड-दोन महिने चालतो. मार्गशीर्ष अमावस्येला सोलापूर, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत आणि पलीकडे बिदर, कलबुर्गी भागात वेळ अमावस्या येते. गावाकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, तिच्यात पाच पांडवांचे दगड मांडून पूजा होते. मग भज्जी, आंबील, उंडे, खीर आणि भाकरी यांचं वनभोजन. भज्जी म्हणजे हिरव्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली दाट भाजी. आंबील म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसणाचा वास असलेलं. ते शेतात शिंपडतात आणि पोटभर पितातही. शेजारच्या शेतातल्या माणसालाच काय, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही जेवायला बोलावतात.

पाठोपाठ हुरड्याचे दिवस येतात. मग भोगी, संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. एकत्र जमायला एवढी निमित्तं असताना प्रश्नमंजूषेसाठी वेगळा दिवस शोधावा लागत नाही.

सवाल-जवाबाची जुनी हौस

जेवणाच्या बैठकीत प्रश्न विचारणं मराठी माणसाला नवं नाही. घरात उखाणे होते, कोडी होती. तमाशाच्या फडात सवाल-जवाब होते. सोलापूरचे शाहीर राम जोशी हे पेशवाईच्या उत्तरकाळातलं लावणीतलं मोठं नाव. त्यांच्या काळी कलगी आणि तुरा अशा दोन पक्षांचे शाहीर समोरासमोर उभे ठाकत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानत, तुरेवाले शिवाला. एका बाजूने पुराणातला किंवा अध्यात्मातला गूढ प्रश्न गाऊन टाकायचा, दुसऱ्या बाजूने तो गाऊनच सोडवायचा. उत्तर आलं नाही तर पक्ष हरला. रात्र सरून उजाडलं तरी श्रोते हलत नसत. व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेने १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट काढला आणि ही परंपरा पडद्यावर आली.

पुढे हीच हौस रेडिओवरच्या बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टने आणि २००० सालापासून ‘कौन बनेगा करोडपती’ने पुरी केली. फरक इतकाच पडला की प्रश्न स्टुडिओत गेले आणि घरचे लोक प्रेक्षक झाले. सुगीच्या पंगतीत ते पुन्हा घरच्यांच्या ताब्यात येतात.

आखणी कशी करावी

पंधरा-वीस माणसं असली तर चार गट पुरेत. गट पाडताना एक पथ्य पाळावं. प्रत्येक गटात एक आजी किंवा आजोबा, एक शाळकरी मूल आणि स्वयंपाकघरात रोज वावरणारं एक माणूस असावं. एका वयाचे सगळे एका गटात बसले की खेळ एकतर्फी होतो. मिश्र गटात मात्र नातवाला ठाऊक असलेलं अमेरिकेतलं उत्तर आणि आजीला ठाऊक असलेलं ज्वारीचं नाव एकमेकांना धरून येतात.

पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत पाच प्रश्न एवढं भरपूर होतं. फेऱ्या सलग न घेता जेवणाच्या टप्प्यांत वाटाव्यात. आगटी पेटून निखारे होईपर्यंत पहिली, हुरडा खाऊन झाल्यावर दुसरी, पानं मांडली जात असताना तिसरी, ताकानंतर चौथी आणि निघण्याआधी पाचवी. मोबाइल एका टोपलीत गोळा करून ठेवावेत. प्रश्न काढणाऱ्याने उत्तरं आधी पक्की तपासून घ्यावीत, कारण सणांबद्दल फिरणाऱ्या संदेशांत चुकीच्या गोष्टी पुष्कळ असतात. ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं आणि ज्यामागची गोष्ट दोन मिनिटं सांगता येते, असा प्रश्न निवडावा.

बक्षिसंही हंगामाला साजेशी असावीत: शेंगा चटणीचा डबा, तिळगुळाची पुडी, परसातल्या भाजीचं बियाणं. पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे मात्र आमंत्रण देतानाच विचारून घ्यावं. सोलापूरच्या ताटात शेंगदाण्याचा कूट कुठे आणि किती असतो, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

पहिली फेरी: हाताने ओळखा

पहिल्या फेरीत बोलायचं कमी आणि हाताळायचं जास्त. पाच वाट्या कापडाने झाकून ठेवाव्यात: जवस, कारळं, तीळ, हरभरा आणि ज्वारी. डोळे मिटून, बोटांनी आणि वासाने ओळखायचं. शहरात वाढलेली मुलं जवस आणि तीळ यांत हमखास अडकतात आणि आजी क्षणात निकाल लावतात.

त्यानंतर हुरड्याचा प्रश्न. हुरडा गोड का लागतो? ज्वारीचा दाणा भरत असताना आधी त्यात दुधासारखा चीक असतो. मग तो घट्ट होत जातो आणि शेवटी कडक दाणा तयार होतो. चीक घट्ट होऊ लागलेला, पण दाणा अजून कोवळाच, या मधल्या काही दिवसांत त्यातली बरीचशी साखर पिठूळ झालेली नसते. तेव्हाचं कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळलं की हुरडा पडतो. सरसकट कोणत्याही ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुन्या जाणत्यांची आवडती वाणं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले मधुर’सारखं वाणही दिलं आहे. गोडवा आणि भाजल्यावर बोंडातून दाणा सहज सुटणं, हे हुरड्याच्या ज्वारीचे दोन गुण.

दुसरी फेरी: ताटाचा नकाशा

ही फेरी सगळ्यांत रंगते. भिंतीवर किंवा सतरंजीवर जगाचा मोठा नकाशा पसरावा आणि भोगीच्या जेवणातला एकेक जिन्नस त्यावर ठेवायला सांगावा.

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हंगामातल्या सगळ्या भाज्यांची मिसळ करतात. तिच्यात वांगी असतात, गाजर असतं, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे आणि तीळ असतात. वांगं, बोर आणि तीळ भारतीय उपखंडातले. हडप्पाच्या उत्खननातही तीळ सापडले आहेत. हरभऱ्याची शेती आजच्या तुर्कस्तानाच्या आग्नेय भागात सुरू झाली. गाजर इराण-अफगाणिस्तानाकडचं. ऊस न्यू गिनी बेटावरचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातली, तिथल्या लोकांनी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती शेतीत आणली. भोगीच्या एका पातेल्यात इतक्या लांबलांबच्या शेतकऱ्यांचे कष्ट एकत्र शिजतात.

सोलापूरकराला सर्वाधिक धक्का देणारं उत्तर ज्वारीचं असतं. ज्वारीही मुळात आफ्रिकेची, सुदानच्या परिसरातली. पण ती इथे येऊन इतकी रुजली की मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. या भागातली मालदांडी ज्वारी पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे पाऊस जवळजवळ नसतो. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक उभं राहतं. दाणा माणसांना आणि कडबा जनावरांना, असं दोघांचं पोट त्यावर भरतं. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हे वाण तयार झालं आणि पुढची कित्येक दशकं रब्बी ज्वारीच्या मोठ्या क्षेत्रावर तेच राहिलं. पुण्याच्या मॉलमध्ये मालदांडी नावाने पीठ विकत घेणाऱ्याला त्यामागे मोहोळ आहे, हे या फेरीतून कळतं.

तिसरी फेरी: खरं की खोटं

विधान वाचायचं आणि गटाने हात वर करायचा.

‘पानिपतची तिसरी लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली.’ बहुतेक हात ‘खरं’ म्हणतात. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली हे बरोबर, पण त्या वर्षी संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांतीची तारीख इंग्रजी दिनदर्शिकेत पुढे सरकत जाते. नक्षत्रांच्या हिशोबाने सूर्याला एक फेरा पुरा करायला ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटं जास्त लागतात आणि ही वीस मिनिटं साठत जाऊन साधारण सत्तर वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, पण त्या वर्षी, १८६३ साली, ती १२ जानेवारीला होती. हल्ली ती १४ किंवा १५ जानेवारीला येते.

‘सिद्धेश्वर यात्रेत वासराच्या वागण्यावरून येत्या वर्षाचं भाकीत करतात.’ हे खरं. यात्रेचे विधी संक्रांतीच्या आगेमागे चालतात. आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा आणि त्यानंतर होम. सिद्धरामेश्वरांशी लग्नाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायची संमती दिली, अशी आख्यायिका आहे. त्या योगदंडाचं प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज मिरवणुकीत निघतात. होमानंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, चारा आणि इतर वस्तू ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, यावरून पाऊसपाणी आणि महागाई यांचा अंदाज सांगतात. पेरणीआधी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातला हा विधी आहे.

‘१६२१ सालच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला बटाटे आणि भोपळ्याचा पाय (पम्पकिन पाय) होता.’ हे खोटं, आणि इथून चौथी फेरी सुरू होते.

चौथी फेरी: परक्या पंगतीची खरी गोष्ट

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून निघाले आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर प्लिमथला उतरले. पहिल्या हिवाळ्यात त्यातले जवळजवळ निम्मे मेले. जे उरले त्यांना तिथल्या वाम्पानोआग लोकांनी सावरलं. त्यांच्यातल्या टिस्क्वान्टमने मक्याच्या आळ्यात खत म्हणून मासे पुरायला शिकवलं. पुढच्या शरदात मका पिकला आणि तीन दिवस जेवणं झाली. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याचं डिसेंबर १६२१ मधलं पत्र उपलब्ध आहे. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसांसह आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली, असं त्यात लिहिलं आहे. शिकार करून आणलेल्या पक्ष्यांचाही उल्लेख आहे, पण टर्कीचं नाव नाही. बटाटा तेव्हा त्या भागात पोहोचला नव्हता आणि भोपळ्याचा पाय करायला गव्हाचं पीठ नव्हतं.

मग आजचा सण कुठून आला? त्याचं बरंचसं श्रेय एका संपादिकेला द्यावं लागतं. सारा जोसेफा हेल या ‘गोडीज लेडीज बुक’ मासिकाच्या संपादिका. आपल्याकडच्या बालवाडीतही म्हटलं जाणारं ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ हे बालगीत त्यांचंच. थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय सण व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अग्रलेख आणि पत्रं लिहिली. शेवटी यादवी युद्ध ऐन भरात असताना, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारची घोषणा केली. १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून सण आठवडाभर आधी आणला. काही राज्यांनी ते मानलं, काहींनी मानलं नाही आणि देशात दोन वेगवेगळ्या गुरुवारी सण झाला. १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम केला.

या फेरीत दुसरी बाजूही विचारली गेली पाहिजे. ज्या वाम्पानोआगांनी अन्न दिलं, त्यांच्यावर पन्नास-पंचावन्न वर्षांत युद्ध ओढवलं. १६७५ साली सुरू झालेल्या त्या युद्धात मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याच्या समाजाची धूळधाण झाली. १९७० पासून मूळ अमेरिकी लोक थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. मुलांना ही गोष्ट अर्धीच सांगितली, तर ज्यांचे आभार मानायला हवे होते त्यांचंच नाव गळतं. खरं तर या सगळ्या खेळाचं कारणच ते आहे. आभार मोघम मानले की ते कुणाच्याच पदरात पडत नाहीत. कुणी पेरलं, कुणी बी आणलं, कुणी अडचणीत हात दिला, हे माहीत असलं तरच ते योग्य माणसापर्यंत पोहोचतात.

सोलापूरचा या अमेरिकी परंपरेशी जुना संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनचं काम सोलापुरात सुरू झालं. प्लिमथच्या वसाहतवाल्यांची धर्मपरंपरा ज्या न्यू इंग्लंडच्या चर्चनी पुढे चालवली, त्याच चर्चचं हे मिशन. आजही महाराष्ट्रातल्या अनेक चर्चमध्ये हंगामानंतर उपकारस्तुतीची उपासना होते. लोक धान्य, भाज्या, फळं घेऊन येतात. १९०० साली पश्चिम भारत दुष्काळात होरपळत असताना ‘क्विटो’ नावाचं जहाज न्यूयॉर्कहून मका घेऊन मुंबई बंदराला लागलं, तेही अमेरिकी ख्रिस्ती लोकांनी जमवलेल्या मदतीतून.

आणि आजोबांच्या पिढीला एक प्रश्न खास राखून ठेवावा: बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर कोणती ज्वारी मिळायची? उत्तर लगेच येतं: लाल मिलो. ती अमेरिकेतून यायची. मिलो हीदेखील ज्वारीच, म्हणजे मूळची आफ्रिकेची. तिथून अमेरिकेत गेलेलं धान्य जहाजातून सोलापूरच्या चुलीपर्यंत पोहोचलं. तिच्या भाकरीची चव कशी होती, सुकडी कुठे मिळायची, खडी फोडायला कोण गेलं होतं, हे घरातल्या ज्येष्ठांनी सांगावं आणि गुण त्या सांगण्याला द्यावेत. त्या दुष्काळात हजारो हातांना काम देणारी रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिली. महाराष्ट्राने १९७७ साली तिचा कायदा केला. २००५ साली देशभरासाठी तसा कायदा झाला.

शेवटची फेरी: कुणाचे आभार?

पाचव्या फेरीत प्रश्न कमी आणि गोष्टी मोठ्या.

मंगळवेढ्याच्या कोणत्या संताने दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली? दामाजीपंत. ते बिदरच्या बादशहाचे अंमलदार होते. परंपरा सांगते की शिक्षा टाळण्यासाठी विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याची रक्कम भरली. उपाशी माणसाला दिलेलं धान्य देवाच्या हिशोबात जमा होतं, असं मानणाऱ्या लोकांनी ही कथा शतकानुशतकं जपली आहे.

चीनमध्ये आजही कोणत्या सोलापूरकराची आठवण कृतज्ञतेने काढतात? डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. युद्धभूमीवर जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. सोलापुरातलं त्यांचं स्मारक पाहायला चिनी पाहुणे येतात.

संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी, १२ जानेवारीला, सोलापूर कुणापुढे नतमस्तक होतं? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना फाशी देण्यात आलं. चारही नावं न अडखळता सांगणाऱ्या मुलाला पूर्ण गुण.

सर्वांत शेवटी असा प्रश्न घ्यावा, ज्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. आज ताटात आलेली भाकरी कोणत्या शेतातल्या ज्वारीची होती आणि ती काढायला कोण होतं? यजमानाने हे उत्तर आधी मिळवून ठेवावं. ज्वारी उपटणाऱ्या मजूर बाईंचं नाव, शेतकऱ्याचं गाव, दळून देणाऱ्या गिरणीवाल्याचं नाव, भाकरी थापणाऱ्या बचत गटातल्या ताईंचं नाव. शक्य असेल तर त्यांनाच आमंत्रण द्यावं आणि या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच तोंडून यावं. कणसं खुडताना हाताला काय लागतं, कडब्याला यंदा काय भाव आला, हुरड्याचं वाण कधी पेरलं, असे प्रश्न पाहुण्यांनी त्यांना विचारावेत.

चौकट: पंगतीसाठी दहा तयार प्रश्न

१. संयुक्त राष्ट्रांनी कोणतं वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं? – २०२३, भारताच्या प्रस्तावावरून.

२. सोलापूरजवळ केगावला कोणत्या फळाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे? – डाळिंबाचं.

३. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन कधी मिळालं? – २०१६ साली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालं त्याच वर्षी.

४. उजनी धरण कोणत्या नदीवर आहे? – भीमा.

५. वेळ अमावस्या कोणत्या मराठी महिन्यात येते? – मार्गशीर्ष.

६. टोमॅटो, बटाटा आणि मका यांपैकी अमेरिका खंडातून न आलेलं पीक कोणतं? – एकही नाही, तिन्ही तिथूनच आली.

७. जपानमध्ये २३ नोव्हेंबरला कुणाचे आभार मानतात? – कष्ट करणाऱ्यांचे. जुन्या सुगीच्या सणाचा हा दिवस १९४८ पासून श्रमाच्या कृतज्ञतेचा दिवस म्हणून पाळतात.

८. न्यूयॉर्कमधली मेसीज दुकानाची थँक्सगिव्हिंग मिरवणूक कधी सुरू झाली? – १९२४ साली.

९. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा १९४६ सालचा चित्रपट कुणी काढला? – व्ही. शांताराम यांनी.

१०. गड्डा यात्रा सोलापुरात कोणत्या मैदानावर भरते? – होम मैदानावर.